दोन दोष एकत्र येण्याआधी

घरातल्या अपघातामागे बहुतेक वेळा एक दोष नसतो, दोन असतात. फ्रिजमधली वायर आतून पत्र्याला टेकली, तरी अर्थिंग शाबूत असेल तर फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. अर्थिंग तुटलेले असले, तरी आतल्या वायरी धड असतील तर वर्षानुवर्षे कुणाला पत्ताही लागत नाही. हे दोन्ही दोष एकाच उपकरणात भेटले आणि हात लावणारा ओल्या फरशीवर अनवाणी उभा असला, की जीव जातो. गॅसची गळती, जुन्या भिंती, उंदीर मारायचे औषध, जिन्यातली अडगळ, सगळीकडे हेच दिसते. एकेकटा दोष गप्प बसून असतो आणि दुसऱ्याची गाठ पडली की घात करतो. घराची तपासणी म्हणजे असे एकेकटे दोष वेळेवर शोधणे. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ असे घरोघरी म्हटले जाते. त्याचा खरा अर्थ इतकाच, की दुसरा दोष अजून आलेला नाही.

तपासणी कुठून सुरू करावी, याचे साधे उत्तर आहे. घरात बाहेरून जे येते, म्हणजे गॅस, वीज आणि पाणी, त्याचा माग आधी काढावा. मग घरात साठवलेल्या वस्तू पाहाव्यात आणि शेवटी भिंती, छप्पर व बाहेर पडायची वाट.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे हे मिश्रण हवेपेक्षा जड असते. गळलेला गॅस त्यामुळे छताकडे जात नाही. तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखालच्या कपाटात आणि ट्रॉल्यांच्या मागे साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले, की एक ठिणगी पुरते. या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात ठेवला असेल तर कपाटाच्या दाराला खालच्या बाजूस हवा जायला जाळी किंवा छिद्रे असलीच पाहिजेत. नव्या मॉड्युलर स्वयंपाकघरांत शोभेपायी ती नेमकी वगळली जातात. सिलिंडर नेहमी उभा असावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. फ्रिज सिलिंडरला खेटून नसावा, कारण फ्रिज आपोआप चालू-बंद होतो. बटनाला कुणी हात लावला नाही, तरी त्याच्या आत ठिणगी पडू शकते.

नळी पाहताना ती नुसती वरून न पाहता हातात धरून वाकवावी. आत पोलादी तारांची वीण असलेली केशरी ‘सुरक्षा’ नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. भेगा बहुधा दोन्ही टोकांना पडतात, जिथे ती शेगडीच्या आणि रेग्युलेटरच्या तोंडावर ताणून बसवलेली असते. जिथे उंदरांचा वावर आहे तिथे नळीचा मागचा, भिंतीकडचा भाग मुद्दाम पाहावा. शंका आली तर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले की गळती नक्की. काडी ओढून गळती पाहण्याची रीत अजूनही कुठे कुठे आहे; ती तत्काळ बंद व्हायला हवी.

सिलिंडरचीही मुदत असते. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला ए, बी, सी किंवा डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि पुढे त्याच क्रमाने. तो सिलिंडर पुन्हा तपासणीला जाण्याची ती तारीख असते. ती उलटून गेलेला सिलिंडर दारातूनच परत करण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

गॅसचा वास आल्यावर बहुतेक घरांत पहिला हात एक्झॉस्ट पंख्याच्या बटनाकडे जातो. वास बाहेर घालवावा हा हेतू चांगला, पण तेवढी एक ठिणगीच त्या वेळी टाळायची असते. बटन चालू करायचे नाही, चालू असलेले बंदही करायचे नाही. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना बाहेर काढावे आणि बाहेर गेल्यावर १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. मुंबई-पुण्यात अनेक घरांत आता नळाने गॅस येतो. तो मुख्यतः मिथेन असतो आणि हवेपेक्षा हलका. तो वर चढतो, म्हणून तिथे छताजवळचा झरोका उघडा असणे महत्त्वाचे. सिलिंडर जाऊन नळाचा गॅस आलेल्या घरांत थंडी-धुळीसाठी वरचे झरोके काचेने बंद केलेले दिसतात. ते उघडून घ्यावेत.

विजेच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज एमसीबीविषयी आहे. जुन्या फ्यूजच्या जागी आलेली ही खटके असलेली पेटी माणसाला वाचवते असे लोक मानतात. ती वाचवते वायरींना. वायर तापून पेटू नये म्हणून ठरावीक अँपियरच्या वर प्रवाह गेला की ती बंद पडते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ओल्या अंगातून जाणारा प्रवाह अर्ध्या अँपियरपेक्षाही कमी असतो. माणसाचे हृदय थांबवायला तो पुरेसा आहे, पण १६ अँपियरची एमसीबी त्याची दखलही घेत नाही. माणसासाठी असते ते आरसीसीबी, ज्याला वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्याच वाटेने जमिनीत जाऊ लागली, की हे यंत्र क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावर एक लहान चाचणी बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला नाही तर यंत्र असून नसल्यासारखे आहे. लाखो रुपये अंतर्गत सजावटीवर घालणारी घरे या एका यंत्रावाचून राहतात, ही खेदाची गोष्ट आहे.

त्यानंतर अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन लांबही असते, ती आधी आत जावी आणि शेवटी बाहेर यावी म्हणून. सॉकेटमध्ये ती पिन बसते, पण मागे हिरवी वायर जोडलेलीच नसते, असे कितीतरी घरांत आढळते. डोळ्यांना ते दिसत नाही. ते परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावे लागते. स्वतंत्र घर किंवा बंगला असेल तर अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे घरातल्यांना माहीत असावे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावे, कारण कोरडी पडलेली माती वीज धड वाहून नेत नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसवणारे जोडप्लग तर घरातून काढूनच टाकावेत. ते अर्थिंग राजरोस तोडतात.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने मृत्यू होतात आणि महावितरणला दर उन्हाळ्यात त्याबद्दल आवाहन करावे लागते. कूलरमध्ये वीज आणि पाणी एकाच लोखंडी पेटीत कोंडलेले असतात. खाली टाकीत पाण्याचा पंप बुडालेला असतो, त्याचे आवरण तडकते, पत्रा गंजतो, आत हेलकावणारी वायर धारेवर घासते. भोवतीची जमीन सांडलेल्या पाण्याने ओली असते आणि माणूस अनवाणी. संध्याकाळी कूलर चालू ठेवूनच पाइपाने पाणी भरायची सवय हा या साखळीतला शेवटचा दुवा. कूलर माळ्यावरून काढल्यावर तो आधी वायरमनला दाखवावा, पंपाची वायर पाण्यापासून उंच बांधून घ्यावी, आरसीसीबीखालच्या तीन पिनांच्या सॉकेटवरच तो लावावा आणि पाणी भरण्याआधी बटन बंद करून प्लग काढावा. प्लग काढणेच खरे. बटन चुकून न्यूट्रलवर बसवलेले असले तर बंद करूनही आतली वायर जिवंत राहते. पेटी फायबरची असेल तर धोका कमी होतो, संपत नाही.

पावसाळ्यात असाच घात करते ती कपडे वाळत घालायची लोखंडी तार. पत्र्याच्या घराला खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या धारेवर घासत राहते, आवरण कापले जाते आणि सगळा पत्रा जिवंत होतो. त्याच पत्र्याच्या खांबाला तार बांधलेली असते, तिच्यावर ओला कपडा टाकणाऱ्याला धक्का बसतो. सोडवायला धावणाराही अनेकदा त्याच तारेला चिकटतो. उपाय फार स्वस्त आहे. तार काढून नायलॉनची दोरी बांधावी आणि सर्व्हिस वायर पत्र्यापासून दूर घेण्यासाठी वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मुख्य खटका कुठे आहे हे घरातल्या लहान-मोठ्या प्रत्येकाला ठाऊक असावे. धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी तो खटका पाडायचा असतो.

एक्स्टेन्शन बोर्डावर मिक्सर, गीझर, इस्त्री चालवू नये, एवढे सांगून तो विषय संपतो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीबद्दल मात्र थोडे अधिक सांगायला हवे. लिथियम बॅटरी पेटली तर ती फार वेगाने जळते आणि विषारी धूर सोडते. चार्जिंगसाठी ती दाराच्या आतच, पॅसेजमध्ये ठेवण्याची पद्धत पडली आहे. म्हणजे आग लागली तर बाहेर पडायची एकमेव वाटच आगीत. चार्जिंग दाराच्या वाटेपासून दूर आणि कुणीतरी जागे असताना करावे. मूळ चार्जर बदलून स्वस्तातला वापरू नये.

न्हाणीघरात वीज आणि गॅस दोघांचीही भेट पाण्याशी होते. गॅस गीझरचा धोका स्फोटापेक्षा वेगळा आणि अधिक फसवा आहे. लहान, बंद न्हाणीघरात त्याची ज्योत हवेतला ऑक्सिजन झपाट्याने संपवते आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आंघोळ करणाऱ्याला आधी चक्कर आल्यासारखे वाटते, दार उघडावे असे सुचेपर्यंत हातापायांतले बळ गेलेले असते. थंडीत खिडकीच्या फटींना कागद लावला, की धोका आणखी वाढतो. गॅस गीझर न्हाणीघरात नसावाच. तो बाहेर मोकळ्या हवेत, गॅलरीत बसवून गरम पाणी नळाने आत घ्यावे. हलवणे शक्य नसेल तर आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. पाण्यात सोडायचा हीटरचा रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून ऊन झाले का पाहणे, ही सवय तर आजच मोडावी.

म्हातारी माणसे अनेकदा याच भागात पडतात, आणि अनेकदा रात्री. खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेलच असे नसते. अंथरुणाला खिळण्यातून छातीचा संसर्ग आणि इतर दुखणी मागे लागतात. तरीही नवे न्हाणीघर करताना गुळगुळीत फरशी निवडली जाते. तपासणी करणाऱ्याने रात्री, दिवा न लावता, पलंगापासून संडासापर्यंत चालून पाहावे. उंबरा कुठे लागतो, पायपुसणे कुठे सरकते, बटन कुठे सापडत नाही, हे तेव्हाच कळते. कमोडशेजारी आणि शॉवरखाली भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे हवेत. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. जिन्याच्या पायऱ्यांची उंची सारखी नसेल तर वेगळी असलेली पायरी रंगवून ठळक करावी.

रांगत्या बाळाला बुडायला वीतभर पाणीही पुरते. बादलीत डोके खाली गेले की त्याला वर येता येत नाही, आणि त्या वेळी आवाजही होत नाही. आंघोळीनंतर बादल्या पालथ्या घालाव्यात. हौद, पिंप आणि सोसायटीची जमिनीखालची टाकी यांना मुलाला उचलता येणार नाही असे झाकण असावे. गॅलरीच्या कठड्याजवळ कुंड्यांचे स्टँड, मोडा, जुनी खुर्ची ठेवणे म्हणजे मुलाला पायरी करून देणे.

साठवणीच्या वस्तूंत विषे पहिली. फिनेल, रॉकेल किंवा शेतात फवारायचे औषध सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणे हा खेड्यापाड्यांतला आणि शहरांतलाही जुना घातक प्रघात आहे. मूळ बाटली फेकली, की त्यात काय होते हे डॉक्टरांना सांगायचे साधनही जाते. शेतीची औषधे राहत्या घरात ठेवूच नयेत. गोठ्याजवळ किंवा शेतावर, कुलपात, मूळ डब्यातच ती असावीत. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास क्लोरिन वायू निघतो; ‘अधिक स्वच्छ होईल’ म्हणून दोन्ही ओतणाऱ्याला लहानशा संडासात श्वास घेणे मुश्कील होते. धान्याला कीड लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या दमट हवेत फॉस्फिन हा अतिविषारी वायू सोडतात. झोपायच्या खोलीत पोती रचून त्यांत या गोळ्या टाकल्याने झोपेत असलेल्यांचे जीव जातात. उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या मलमाचे तसेच. ते पोटात गेल्यावर सुरुवातीचा त्रास एक-दोन दिवसांत थांबल्यासारखा वाटतो, घरचे निर्धास्त होतात आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. त्यावर उतारा नाही. असे मलम घरात असेल तर ते काढून टाकून पिंजरा आणावा.

उंदरांचा विषय सापांपर्यंत जातो. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुख्य; घराच्या तपासणीच्या दृष्टीने यांत मण्यार सर्वांत महत्त्वाची. ती रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाची वेदना इतकी कमी असते, की अनेकांना जागही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, तोवर विष भिनलेले असते. उंदीर, भिंतीतली बिळे आणि जमिनीवरचे अंथरूण ही तिन्ही जिथे जुळतात तिथे धोका सर्वाधिक. खाट आणि कडा नीट खोचलेली मच्छरदाणी हे त्यावरचे साधे आणि खात्रीचे साधन आहे. सरपण, विटा, कौलांचा ढीग घराच्या भिंतीला लागून नसावा. कोकणात असाच ढीग लाल विंचवाचे घर असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशावरील उपचार बदलून टाकला आणि असंख्य जीव वाचवले, तरी रात्री बाहेर ठेवलेली चप्पल झटकून घालण्याचे महत्त्व कमी होत नाही.

भिंती आणि छप्पर यांच्याकडे पाहताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागातली हजारो माणसे आपल्याच घरांखाली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतल्या आणि बाहेरच्या थरांना सांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर दरवर्षी माती घालून जड होत गेलेले माळवद. उन्हाळ्यात ते घर थंड राही म्हणून ते चांगले मानले जात होते. अशी घरे अजूनही आहेत. भिंत मध्येच फुगलेली दिसली, कोपरे एकमेकांपासून सुटू लागले, तर माळवदावरची माती आधी कमी करावी आणि जाणत्या अभियंत्याकडून भिंतीत आरपार सांधे घालून घ्यावेत.

शहरातल्या सिमेंटच्या इमारतींत शत्रू पाणी असते. गच्चीतून किंवा वरच्या न्हाणीघरातून झिरपलेले पाणी सळयांपर्यंत जाते, सळया गंजून फुगतात आणि आतून काँक्रीट फोडतात. छताचा पोपडा पडला, की तो गिलाव्याने लिंपून रंग काढला जातो; गंज मात्र आत चालूच राहतो. पोपडा पडलेल्या जागेभोवती काठीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर तिथले काँक्रीट सुटलेले आहे. केसासारखी गिलाव्याची रेघ घाबरण्याजोगी नसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी किंवा खांब-तुळईवरची उभी भेग मात्र गंभीर. तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका लावून तारीख लिहावी. ठिपका तडकला तर भेग वाढते आहे आणि अभियंत्याला बोलावण्यात एक दिवसही दवडू नये. घर वाढवताना मधली भिंत पाडणे, गच्चीवर टाकी चढवणे, गॅलरी आत घेणे यांनी त्याच कमजोर खांबांवर भार वाढतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. त्याचा अहवाल मागणे हा प्रत्येक सभासदाचा अधिकार आहे.

राहिली बाहेर पडायची वाट. चोरांच्या भीतीने प्रत्येक खिडकीला पक्की लोखंडी जाळी बसवलेल्या घरात आग दाराजवळ लागली तर दुसरा मार्गच उरत नाही. निदान एका खिडकीच्या जाळीला आतून उघडणारी झडप करून घ्यावी आणि तिची किल्ली तिथेच, हाताला लागेल अशी टांगावी. जिन्यात चपलांची कपाटे, जुने पलंग, सायकली असतील तर काळोख आणि धुरात तेच अडथळे होतात. मजल्यावरच्या विजेच्या वायरींच्या डक्टमध्ये रद्दी आणि झाडू ठेवलेले असतात. तिथली ठिणगी त्यांना लागली की धूर वरच्या सगळ्या मजल्यांवर चढतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे, ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी ती चालू स्थितीत असल्याचे नमुना ‘ब’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. ते सचिवांकडे मागून पाहावे. सोबत एखाद्या रविवारी चार शेजारी जमवून आपल्या मजल्यावरची होज रील बाहेर ओढावी आणि व्हॉल्व्ह उघडून पाणी खरोखर येते का ते पाहावे. येत नसेल, तर लेखी तक्रार त्याच दिवशी समितीकडे आणि तिची प्रत जवळच्या अग्निशमन केंद्राकडे द्यावी.